मुखपृष्ठाची फाइल उघडेना, शेजारी बॅकअप दिसतोय : त्याला हात लावायच्या आधी

ऐरोलीहून एका मुलाने विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "ताई, एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये करतोय. काल रात्री सेव्ह करताना लाइट गेली. आता ‘मुखपृष्ठ_फायनल’ उघडतच नाही. त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण शेवटी नागमोडी रेघ (~) असलेली एक फाइल आहे. गूगल ड्राइव्हवर पाहिलं तर तिथेही तुटलेलीच जाऊन बसली आहे. चित्राचे एकावर एक ठेवलेले अठ्ठावीस थर, म्हणजे लेयर, आहेत आणि संपादकांना चार दिवसांत द्यायचंय. ती नागमोडीवाली उघडू का?"

उघड, पण ती नव्हे, तिची कॉपी. आणि कॉपी करायच्या आधी दोन गोष्टी बंद कर : क्रिटा आणि ड्राइव्हचं सिंक, म्हणजे फाइल आपोआप वर चढवणं. उत्तर लांबणार आहे. मोबाइलवर घाईत वाचत असशील तर आत्ता एवढं कर, चहा घेऊन ये आणि मग पुढचं वाच.

ती नागमोडी म्हणजे काय ते कळलं की तिला का जपायचं तेही कळेल. तू सेव्ह करतोस तेव्हा क्रिटा आधीची फाइल लगेच पुसत नाही. तिच्या नावाला शेपटीसारखी नागमोडी लावून तिला बाजूला ठेवतं आणि मूळ नावाने नवी फाइल लिहितं. म्हणजे नागमोडीत आहे ते तुझं शेवटच्या सेव्हच्या आधीच्या सेव्हपर्यंतचं काम. दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय असेल तर फार तर दहा मिनिटं गेली. दुपारी जेवताना एकदा आणि मग थेट रात्री केलं असशील, तर अख्खी संध्याकाळ गेली. मूळ सेटिंगमध्ये अशी जुनी प्रत एकच ठेवतात. पुढचं सेव्ह झालं की हिची जागा दुसरी घेते.

घोळ नेमका इथे होतो. घाबरलेला माणूस काय करतो? त्याच मापाचा नवा कागद उघडतो, व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं चित्र त्यात चिकटवतो आणि सवयीने त्याच नावाने सेव्ह करतो. क्रिटा आपलं काम चोख बजावतं : तुटलेल्या फाइलला नागमोडी लावून बाजूला ठेवतं, आणि त्या जागी असलेली चांगली प्रत जाते. तेलही गेलं, तूपही गेलं.

हे मी स्वतः केलंय. एका मंडळाच्या वीस फुटी पडद्याचं काम होतं. प्रोग्रॅम दुसरा होता, पण रिवाज हाच. रात्री दोनला फाइल उघडेना. "बघू सेव्ह तरी होतंय का" म्हणून मी रिकामी फाइल त्याच नावाने दोनदा सेव्ह केली. पहिल्यांदा तुटलेली फाइल बॅकअप झाली, दुसऱ्यांदा रिकामी. पुढचे दोन दिवस उंदराची शेपटी पुन्हा काढण्यात गेले, आणि मंडळातल्या एका काकांनी तरी म्हटलंच, "ताई, आधीचा उंदीर जास्त गोंडस होता."

तर आधी अख्खा फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी कर आणि त्या कॉपीचं नाव ‘मोडकं’ ठेव. विंडोजमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून लपवलेल्या फाइल दाखवायला सांग, कारण आपल्याला हवी असलेली आणखी एक फाइल तिथे लपून बसलेली असू शकते. तिच्याकडे पुढे येते. पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. मुखपृष्ठाला ती अडचण यायची नाही, अॅनिमेशनवाल्यांना येते.

सिंक का थांबवायचं? ड्राइव्हला फाइल धड आहे की मोडलेली ते कळत नाही. ती बदलली एवढंच कळतं, आणि तो इमानेइतबारे बदललेली वर चढवतो. आता तू नावं बदलणार, तोडमोड करणार. ते सगळं वर जायला नको.

आता त्या तुटलेल्या फाइलकडे बघू. लोक ‘करप्ट’ म्हणून मोकळे होतात, पण करप्ट होण्याचे प्रकार असतात आणि कुठला प्रकार आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. फाइलचा आकार आधी बघ. शून्य केबी असेल तर तिच्यात काही नाही, तिचा नाद सोड. आकार नागमोडीवालीपेक्षा खूप कमी असेल, समज ती ८० एमबी आणि ही ३१, तर लिहिता लिहिता मध्येच तुटली आहे. तशीत पुष्कळ काही मिळतं. तिसरा प्रकार फसवा असतो : आकार अगदी बरोबर, ८४ एमबी वगैरे, पण आत नुसती शून्यं.

लाइट जाते तेव्हा हा तिसरा प्रकार बराच दिसतो. कॉम्प्युटर ‘लिहिलं’ म्हणतो तेव्हा ते खरंच डिस्कवर उतरलेलं असतंच असं नाही. काही वेळ ते मेमरीत रांगेत उभं असतं. डिस्कच्या नोंदवहीत फाइलचं नाव आणि आकार चढलेला असतो, मजकूर अजून यायचा असतो, आणि नेमकी तेव्हा वीज जाते. घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटचे कागद झाले आणि इमारत जोत्याच्या वर आलीच नाही, तशातली गत. कागदावर चटईक्षेत्र बरोबर असतं, पण राहायला जागा नसते.

हे ओळखायची माझी एक घरगुती युक्ती आहे, फाइलच्या आतले कच्चे आकडे दाखवणारा हेक्स एडिटर वगैरे लागत नाही. तुटलेल्या फाइलच्या कॉपीवर राइट क्लिक कर आणि तिची झिप बनव. खरं चित्र असलेली फाइल झिप केल्यावर थोडीफार लहान होते. शून्यांनी भरलेली असेल तर ८४ एमबीची झिप शंभर केबीच्या आसपास येते. तसं झालं तर त्या फाइलवर पुढे एक मिनिटही घालवू नकोस. ‘कुठलीही फाइल दुरुस्त करून देतो’ म्हणणारे पैसे घेऊन डाउनलोड करायचे प्रोग्रॅम असतात, त्यांच्यावरही नको. आत काही नाहीच तर दुरुस्त काय करणार? झिप निम्म्यावर आली तर अर्धं काम आत असण्याची शक्यता आहे, आणि मग पुढचं वाच.

क्रिटाची केआरए फाइल ही मुळात झिपच असते. नाव वेगळं, आतून झिप. म्हणून नोटपॅडमध्ये उघडलीस तर धड फाइलची पहिली दोन अक्षरं ‘पीके’ दिसतात. झिप पद्धत बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं, १९८९ पासून जगातल्या प्रत्येक झिपवर बसलेली. त्यांच्या जवळच ‘मिमेटाइप’ आणि ‘अॅप्लिकेशन एक्स-क्रिटा’ असंही वाचता येतं. नोटपॅडमध्ये फक्त बघायचं, सेव्ह करायचं नाही. तिथे सेव्ह केलंस तर उरलीसुरलीही मोडेल.

आता नागमोडीवाली. ‘मोडकं’ फोल्डरमधून तिची आणखी एक कॉपी काढ, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेव आणि तिच्या नावातली शेवटची नागमोडी काढून टाक, म्हणजे शेवट केआरए असा होईल. विंडोज विचारेल, एक्स्टेन्शन बदललं तर फाइल निकामी होईल, चालेल का? चालेल म्हण. पुढचं नावही बदल, ‘मुखपृष्ठ_परत’ असं काहीतरी ठेव. उघडायच्या आधी सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिच्यावर ‘टेस्ट’ चालव. झिपमधल्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याची तपासणी-बेरीज लिहिलेली असते, टेस्ट ती जुळते का बघते. ‘एरर नाही’ आलं तर क्रिटामध्ये उघड. बहुतेक वेळा इथेच काम होतं, आणि हे एवढं लांबण लावल्याबद्दल तू मला नावं ठेवशील. ठेव.

पण ती उघडली आणि कालची संध्याकाळ त्यात नाही, असं झालं तर? बहुतेक जण इथे थांबतात आणि राहिलेलं नव्याने रंगवतात. मी लगेच रंगवायला घेत नाही. अख्खी फाइल जिवंत करण्याच्या मागेही मी लागत नाही. काल जे काढलं ते कुठकुठे शिल्लक आहे एवढंच शोधते, मग ते तुटलेल्या फाइलच्या पोटात असो, संपादकांच्या फोनमध्ये असो की ड्राइव्हच्या जुन्या आवृत्तीत. बॅकअप हा पाया धरायचा आणि बाकीच्या तुकड्यांनी तो भरून काढायचा.

गेल्या पावसाळ्यात नेरुळच्या एका मुलीची फाइल माझ्याकडे आली होती. ती थेट पेनड्राइव्हवरूनच काम करत होती आणि सेव्ह चालू असताना तो ओढून काढला. तेवीस लेयरचं काम, फाइल मध्येच तुटलेली. सेव्हन-झिपने कुरकुर केली, डेटा अचानक संपला म्हणाला, पण आतली यादी दाखवली. झिपची मुख्य अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, म्हणून शेपूट तुटलं की बरेच प्रोग्रॅम हात वर करतात. पण प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावरही त्याचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीपासून वाचत गेलं तर तुटलेल्या जागेपर्यंतचं सगळं सापडतं. सेव्हन-झिप न जमलं तर लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमधल्या झिप आज्ञेला दोन कॅपिटल एफ असा दुरुस्तीचा पर्याय आहे. तो नेमकं हेच करतो आणि नवी झिप वेगळ्या नावाने बाहेर काढतो. विनरारमध्येही रिपेअरचं बटण आहे.

आत काय दिसतं ते सांगते. ‘मेनडॉक’ नावाची एक एक्सएमएल फाइल, एक छोटं ‘प्रिव्ह्यू’ चित्र, मग चित्राच्या नावाचा एक फोल्डर, त्यात ‘लेयर्स’, आणि त्यात लेयर२, लेयर३, लेयर४ अशा फाइल, प्रत्येकीबरोबर एकदोन चिल्लर फाइल. शिवाय ‘मर्ज्डइमेज’ नावाचं पूर्ण मापाचं पीएनजी, म्हणजे सगळे लेयर एकत्र केलेलं अख्खं चित्र. तुझ्या तुटलेल्या फाइलमध्ये ते मर्ज्डइमेज धड निघालं तर अर्धी लढाई जिंकलास. निदान शेवटचं चित्र दिसतं कसं ते तरी हाताशी आलं. नेरुळच्या मुलीचं निघालं नव्हतं, फाइल त्याच्या आधीच तुटली होती. लेयर मात्र तेवीसपैकी एकोणीस निघाले.

हे एकोणीस कुठले, ते मेनडॉकमध्ये कळतं. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात एकेका लेयरचं तू दिलेलं नाव आणि त्याच्यासमोर आतल्या फाइलचं नाव लिहिलेलं असतं. पोरीने लेयरना धड नावं दिली होती : ‘आजीचं लुगडं’, ‘पणत्यांचा उजेड’, ‘मागची भिंत’. माझा जीव भांड्यात पडला. ‘पेंट लेयर १७ कॉपी कॉपी’ असं असतं तर एकेक उघडून बघत बसावं लागलं असतं. ज्यांच्याकडे असंच असतं, आणि अशांची संख्या मोठी आहे, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

एक सापळा आहे आणि मी त्यात अडकले आहे. नागमोडीवालीतला लेयर७ आणि तुटलेल्या फाइलमधला लेयर७ हे एकच असतील असं धरू नकोस. ते आकडे सेव्ह करताना वरून खाली मोजत दिले जातात. मध्ये एक लेयर वाढवलास की पुढचे सगळे सरकतात. म्हणून दोन्हींचे मेनडॉक शेजारी शेजारी उघडायचे आणि लेयरच्या नावावरून जोडी लावायची. जुन्यात ‘पणत्यांचा उजेड’ लेयर७ असेल आणि नव्यात लेयर९, तर तुटलेल्यातून लेयर९ बाहेर काढायचा, त्याचं नाव लेयर७ करायचं आणि ‘मुखपृष्ठ_परत’ सेव्हन-झिपमध्ये उघडून तिथल्या लेयर७ च्या जागी टाकायचा. एका वेळी एकच लेयर. टाकला, क्रिटात उघडून पाहिलं, ठीक दिसला, मग पुढचा. पाच एकदम टाकले आणि फाइल उघडली नाही, तर दोषी कोण ते शोधत बसशील. दर वेळी कॉपीवर काम कर हे पुन्हा सांगत नाही.

लेयर आला पण जागचा हललेला दिसला तर घाबरू नकोस. तू तो कधीतरी मूव्ह टूलने सरकवला असणार. ते सरकणं लेयरच्या फाइलमध्ये नसतं, मेनडॉकमध्ये एक्स-वाय आकड्यांत लिहिलेलं असतं. तेवढे पिक्सेल हाताने सरकव, की झालं. दोन्ही फाइलचा कलर मोड आणि बिट एकच असायला हवेत. मध्येच आरजीबीचं (पडद्याचे रंग) सीएमवायके (छपाईचे रंग) केलं असशील तर ही अदलाबदल करू नकोस, रंगांचा चिवडा होईल.

अख्खी झिप सोडवून पुन्हा बांधायचा मोह टाळ. केआरएमध्ये ती ‘मिमेटाइप’ फाइल सगळ्यात पहिली आणि दाबून लहान न केलेली असते, कुठलीही झिप बनवणारा प्रोग्रॅम तुझ्यासाठी हे पाळत बसत नाही. आहे त्या झिपमध्ये फाइल बदलणं जास्त सुरक्षित.

तर तिचे एकोणीस जुळले, चार जुन्या प्रतीतलेच राहिले. त्या चारांत काल काय काय केलं होतं? तिला आठवेना. रात्री अकरानंतर कुणाला आठवतं? मी विचारलं, संपादकांना काही पाठवलं होतंस का? तर सेव्हच्या तासभर आधी तिने पीएनजी पाठवलं होतं, आणि नशिबाने व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप चित्र लहान करतं आणि दाबतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की जसंच्या तसं जातं. ए-फोर, ३०० डीपीआय म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. संपादकांकडून परत आलेल्या फाइलचं माप तेवढंच निघालं.

हे पीएनजी काय कामाचं, त्यात तर लेयरच नाहीत, असं ती म्हणाली. आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. परत मिळवलेली फाइल उघड. पूर्ण मापाचं ते चपटं चित्र सगळ्यात वर नव्या लेयरवर ठेव आणि त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे वरचा लेयर खालच्यात मिसळायची पद्धत, ‘डिफरन्स’ कर. खालचं आणि वरचं जिथे सारखं असेल तिथे पडदा काळाकुट्ट होतो. जिथे फरक असेल तेवढंच उजळतं. तिच्या पडद्यावर काळोखात तीन जागा उजळल्या : लुगड्याच्या काठावरची जर, आजीच्या चष्म्याची एक काच आणि खालच्या कोपऱ्यातल्या रांगोळीचे काही ठिपके. बस, एवढंच काम गेलं होतं. तिला वाटत होतं दोन दिवसांचं गेलं, प्रत्यक्षात पाऊण तासाचं होतं. मग तेच चपटं चित्र नॉर्मल मोडवर आणलं, अपारदर्शकता कमी केली आणि खालच्या खऱ्या लेयरवर ते गिरवून घेतलं.

तुझी फाइल सीएमवायकेमध्ये असेल तर डिफरन्स लावल्यावर सगळीकडे हलकं करडं धुकं दिसेल. पीएनजीमध्ये सीएमवायके नसतंच, ते आरजीबी करूनच निघतं, आणि त्या रूपांतराचा तो फरक असतो. धुकं सोड, त्यातून ठळक उठून दिसेल तेवढंच तुझं.

आता ती लपलेली फाइल. क्रिटा अधूनमधून स्वतःहून ऑटोसेव्ह करतं. नाव दिलेल्या चित्राची ऑटोसेव्ह त्याच फोल्डरमध्ये असते, तिचं नाव टिंबाने सुरू होतं आणि शेवटाकडे ‘ऑटोसेव्ह’ असतं. अजून नावच न दिलेल्या चित्राची विंडोजमध्ये टेम्प फोल्डरमध्ये सापडते. तू रीतसर सेव्ह केलंस की ऑटोसेव्ह पुसली जाते, म्हणून सेव्ह धड पार पडलं असेल तर ती नसेल. पण लाइट सेव्हच्या मधोमध गेली असेल तर असू शकते, आणि मग ती नागमोडीपेक्षाही ताजी असेल. म्हणून अजून क्रिटा उघडलं नसशील तर आधी ती शोधून कॉपी कर. कारण क्रिटा उघडल्यावर विचारतं, ऑटोसेव्ह सापडली आहे, वापरू का? तिथे घाईत ‘नाही’ दाबलंस तर ती हातची जाऊ शकते. बिननावाच्या चित्रांची यादी येते त्या खिडकीतही तेच. ज्यांच्यावरची खूण काढून ‘ओके’ करशील त्या टाकून दिल्या जातात, ‘कॅन्सल’ केलं तर सगळ्या राहतात. काही सुचत नसेल तर कॅन्सल.

ड्राइव्हवर तुटलेली फाइल गेली म्हणतोस, पण आधीची तिथून गेलेली नाही. ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघड, त्या फाइलवर राइट क्लिक कर, फाइल इन्फर्मेशनमध्ये ‘मॅनेज व्हर्जन्स’ बघ. जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या होईपर्यंत राहतात. परवाची, कालची दुपारची, सगळ्या वेळेनिशी दिसतील. हवी ती नव्या नावाने डाउनलोड कर. माझा अनुभव असा की लोक नागमोडी शोधतात, ऑटोसेव्ह शोधतात आणि हे बघायचं विसरतात. तुझ्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भरवसा इथेच वाटतो, कारण ड्राइव्ह रोज चालू होता.

यातलं काहीच नसतं, म्हणजे नागमोडी पुसली गेली असती, तर पुढचा प्रश्न डिस्क कुठली हा. जुनी फिरती हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह असेल तर पुसलेल्या फाइल फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रॅमने सापडू शकतात. तो मात्र त्याच डिस्कवर डाउनलोड करायचा नाही आणि सापडलेलंही तिथे लिहायचं नाही. एसएसडी, म्हणजे न फिरणारी नव्या पद्धतीची डिस्क, असेल तर आशा कमी. विंडोज एसएसडीला ‘या जागा आता मोकळ्या’ असं कळवतं आणि ती त्या पुसून ठेवते. आणि कुणी ‘चेकडिस्क चालव’ म्हणालं तर कॉपी काढल्याशिवाय अजिबात नको. ते डिस्कची नोंदवही सुधारतं, तुझ्या फाइलचं भलं बघत नाही.

हे सगळं क्रिटाचं झालं, पण दुसऱ्या प्रोग्रॅमवाल्यांनीही विचारलंय म्हणून दोन शब्द. फोटोशॉपची पीएसडी झिप नसते, तिथे वरची कापाकापी चालत नाही. तिथे आधी ऑटोरिकव्हर फोल्डर बघायचा, मूळ सेटिंग दर १० मिनिटांचं असतं. क्लिप स्टुडिओ स्वतः बॅकअप ठेवतं आणि त्याच्या लाँचरमधून तो फोल्डर थेट उघडता येतो, फार कमी जणांना माहीत आहे. ब्लेंडरवाल्यांनी शेजारची ‘ब्लेंड१’ बघावी, ती नागमोडीचीच बहीण. आयपॅडवरचं प्रोक्रिएट आतून झिप आहे, पण जुन्या प्रती ठेवत नाही. त्यात टाइमलॅप्सचा व्हिडिओ मात्र असतो, आणि एकदा एका मुलाने त्याच्या शेवटच्या चौकटीवरून अख्खं चित्र पुन्हा बांधलेलं मी पाहिलंय.

तुझं चित्र परत आलं की क्रिटाच्या सेटिंगमध्ये, जनरल खाली फाइल हँडलिंगमध्ये जा आणि बॅकअपची संख्या एकवरून निदान पाच कर. जागा जाते, जाऊ दे. मोठा बदल करायच्या आधी एफ४ दाबायची सवय लाव. त्याने शेवटची सेव्ह केलेली प्रत क्रमांक लावून बाजूला पडते, आत्ताचं काम मूळ नावाने सेव्ह होतं आणि तू आपल्या त्याच फाइलमध्ये काम करत राहतोस. आणि छोटा का होईना, यूपीएस घे. तासभर चालायची गरज नाही, सेव्ह पूर्ण होऊन मशीन नीट बंद होईपर्यंत पाच मिनिटं तग धरली तरी पुष्कळ. माझी एक डिस्क बहिणीकडे बेलापूरला असते. २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, तेव्हा कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली होती. तेव्हापासून दर महिन्याला एक डिस्क ठाणे-पनवेल लोकलने जाते आणि दुसरी येते. बहीण म्हणते, माझ्यापेक्षा डिस्कच जास्त वेळा माहेरी जाते.

संपादकांना आजच फोन कर. रडगाणं नको, फक्त विचार की मी पाठवलेलं शेवटचं पीएनजी तुमच्याकडे आहे का, आणि असेल तर मेलने पाठवा. प्रेसला प्लेट कधी जाणार तेही विचारून घे. चार दिवस म्हणतात त्यात एखादा दिवस बहुधा त्यांनी हातचा ठेवलेला असतो.

शेवटी तयार झालेली फाइल नव्या नावाने सेव्ह कर, क्रिटा पूर्ण बंद कर, पुन्हा उघडून बघ आणि सेव्हन-झिपची टेस्ट लाव. ती पास झाली की मग ड्राइव्हचं सिंक चालू कर. पेनड्राइव्हवरचा ‘मोडकं’ फोल्डर मात्र अंक छापून हातात पडेपर्यंत पुसू नकोस.